मागचे पाटे वाढवावेत का?
जीपमालक आणि पाटे-कारागीर या दोघांसाठी

माल वाहणाऱ्या जीपगाडीचा मालक पाटेवाल्याच्या दुकानात येतो तेव्हा त्याची मागणी बहुधा एका वाक्याची असते : "उस्ताद, गाडी मागून बसते, एक पाटा वाढवून द्या." अलीकडे दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईकही येऊ लागले आहे. त्याला माल वाहायचा नसतो, त्याला फोर बाय फोर गाडी उंच दिसायला हवी असते. आखातातून सुट्टीवर आलेल्या तरुणांनी तिकडे वाळूत धावणाऱ्या उंच गाड्या पाहिलेल्या असतात, आणि तशीच गाडी आपल्या गावच्या रस्त्यावर असावी ही त्यांची हौस असते. पहिल्याला वजन हवे, दुसऱ्याला उंची. दोघांचे काम एकाच कारागिराच्या हाताखालून जाते आणि दोघांचे पैसेही सारखेच येतात. परंतु या कामात गाडीचे नेमके काय बदलते, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, आणि पुष्कळदा कारागिरालाही त्याचा पुरता हिशेब मांडलेला नसतो. तो हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या फोर बाय फोर गाड्यांचा मागचा भार पाट्यांवर असतो. १९८५ साली आलेल्या जिप्सीला पुढे-मागे चारही ठिकाणी पाटे होते. बोलेरोला मागे पाटे आहेत, २०१० साली आलेल्या थारलाही मागे पाटेच होते. २०२० च्या नव्या थारपासून मागे कॉइल स्प्रिंग आले. म्हणून पाट्यांचा विचार आम्ही आधी करतो, कॉइलचा शेवटी थोडक्यात करू.

पाटा नुसते वजन उचलत नाही

पाट्याचे काम गाडी वर धरणे एवढेच आहे, असा समज आहे. वस्तुतः पाटा तीन कामे करतो. तो वजन पेलतो. मागचे हाउसिंग पुढे-मागे व डावी-उजवीकडे सरकू न देता जागेवर धरतो. आणि ब्रेक मारताना किंवा गिअरमध्ये जोर देताना हाउसिंग गरकन फिरू पाहते, तो पीळही पाटाच सोसतो. कॉइलच्या गाडीत या दोन कामांना वेगळ्या दांड्या दिलेल्या असतात. पाट्याच्या गाडीत मात्र सगळा संसार या चार-पाच पट्ट्यांवर चाललेला असतो. त्यामुळे पाट्याला हात लावला की वजनाबरोबर ब्रेकही बदलतो, स्टेअरिंगही बदलते.

आता कडकपणाचे गणित पाहू. पाट्यांची संख्या वाढली की कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो, हे कोणालाही पटते. पण जाडी वाढली की कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. समजा ६ मिलिमीटर जाडीचे ४ पाटे आहेत. गिऱ्हाइकाने "जरा भक्कम घाला" म्हटले म्हणून त्यात ८ मिलिमीटरचा एक पाटा घातला. सहाचा घन २१६, आठाचा घन ५१२. म्हणजे हा एक नवा पाटा जुन्या सव्वादोन पाट्यांहूनही जास्त कडक आहे. चार पाटे होते ते पाच झाले असे मालक समजतो. प्रत्यक्षात गाडी मागून जवळजवळ १.६ पट कडक झालेली असते. पाट्यांची लांबी सारखी नसते म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा चुकीची नाही.

यातली दुसरी खुबी अशी की हाच जाड पाटा पुष्कळदा आधी तुटतो. कारण एकत्र बांधलेले सगळे पाटे सारखेच वाकतात. सारख्या वाकण्यात जाड पट्टीच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. ६ ऐवजी ८ मिलिमीटर म्हणजे ताण एक-तृतीयांशाने अधिक. "भक्कम पाटा घातला होता, तोच मोडला, माल खोटा निघाला" अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येते. माल खरा असू शकतो. खोटी असते ती जाड-बारीक पट्ट्यांची जोडी.

रिकाम्या गाडीचा धोका

पाटा वाढवणारा मालक भरलेल्या गाडीचा विचार करतो. पण आठवडी बाजार करणाऱ्या कापडवाल्याची किंवा मासळी पोचवणाऱ्याची गाडी एका बाजूने भरून जाते आणि दुसऱ्या बाजूने रिकामी येते. निम्मा प्रवास रिकामा असतो, आणि पाटे वाढवलेल्या गाडीचा खरा धोका याच निम्म्या प्रवासात आहे.

रिकाम्या गाडीत कडक पाटे वाकतच नाहीत. खड्ड्यावरून जाताना चाक खाली उतरून रस्त्याला चिकटून राहायला हवे, ते न राहता गाडीसकट उडते. जे चाक हवेत आहे त्याला ना ब्रेक आहे ना वळण. कशेडी किंवा परशुराम घाटाच्या उतारावर, पावसात, वळणावर खड्डा आला की अशा गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला सरकतो. याला आणखी एक कारण आहे. वळणावर गाडी कलते तेव्हा पुढची व मागची बाजू मिळून तो भार वाटून घेतात. जी बाजू कडक असेल ती जास्त वाटा उचलते. मागची बाजू एकदम कडक केली की मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार येतो आणि मागचे टायर आधी पकड सोडतात. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि चालक बहुधा सावरतो. मागचे घसरले तर गाडी गिरकी घेते. ते सावरणे भल्याभल्यांना जमत नाही.

यातच दिव्यांची गोष्ट येते, ती तर कोणाच्या ध्यानीमनी नसते. बोलेरोच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २६८० मिलिमीटर आहे. रिकामी गाडी मागून ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, उचलली गेली तर सारी गाडी साधारण एका अंशाने नाकावर झुकते. एक अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल. समजा दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच आहे आणि डिपरचा झोत दर १०० मीटरला १ मीटर खाली उतरेल असा लावलेला आहे. असा झोत ८० मीटरवर जमिनीला टेकतो. एका अंशाच्या झुकण्याने तोच झोत २८ मीटरवर टेकू लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने २८ मीटर पार करायला पावणेदोन सेकंदही लागत नाहीत. स्क्रू फिरवून दिवा वर करता येतो हे खरे. पण मग माल भरल्यावर गाडी समपातळीत येते आणि तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

गाडी नाकावर झुकली की पुढच्या चाकांचा कॅस्टर कोनही तेवढाच, साधारण एक अंशाने, कमी होतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येते ते या कोनामुळे. जिप्सीत चाकांमधले अंतर २३७५ मिलिमीटरच आहे, म्हणून तिथे दोन इंचांचा परिणाम सव्वा अंशाच्या घरात जातो. मालक म्हणतो, गाडी रस्त्यावर हिंडते, बॉक्स बघा. बॉक्स उघडला जातो, पैसे खर्च होतात, दोष मात्र मागच्या पाट्यांत असतो. गॅरेजवाल्यांनी ही खूण लक्षात ठेवावी.

ब्रेकचा तो छोटा व्हॉल्व्ह

आमच्या मते या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ही आहे. अनेक गाड्यांत चेसिसवर एक ब्रेक-व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्याचा दांडा किंवा स्प्रिंग मागच्या हाउसिंगला जोडलेली असते. मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याचे काम भार ओळखण्याचे. चेसिस आणि हाउसिंग यांतले अंतर कमी झाले की व्हॉल्व्ह समजतो, माल भरलेला आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. अंतर वाढले की समजतो, गाडी रिकामी आहे, आणि मागचे चाक जाम होऊ नये म्हणून दाब कमी करतो.

आता पाटे वाढवून भरलेली गाडी दोन इंच वर राहू लागली. व्हॉल्व्हला बिचाऱ्याला वजन कळत नाही, त्याला अंतर कळते. गाडीत पुरा माल आहे आणि व्हॉल्व्ह मात्र ती रिकामी समजून मागचा ब्रेक आखडता घेतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, गाडी थांबायला जास्त अंतर लागते, आणि लांब उतारावर पुढचे ब्रेक तापून पेडल मऊ होते. ज्या गाडीत माल जास्त भरण्यासाठीच पाटे वाढवले, त्याच गाडीचे ब्रेक त्या कामाने कमजोर केले! हा दांडा काढून टाकणे किंवा तारेने बांधून ठेवणे हा उपाय काही ठिकाणी केला जातो. तो तर उघड घातक आहे, कारण मग रिकाम्या गाडीचे मागचे चाक ओल्या रस्त्यावर पटकन जाम होते. व्हॉल्व्हची मांडणी कंपनीच्या पुस्तकातील मापानेच करावी लागते.

रबरी ब्रेक-पाइप हाही असाच. गाडी उंच केल्यावर जॅकने चेसिस उचलून चाके पूर्ण खाली लोंबू द्यावीत आणि पाइप ताणला जातो का ते पाहावे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, त्यामुळे नव्या गाड्यांत चाकापर्यंत गेलेली सेन्सरची वायरही त्याच वेळी पाहिली पाहिजे.

उंची वाढवण्याच्या युक्त्या

उंचीच्या हौशीसाठी बाजारात तीन युक्त्या चालतात. पहिली लांब शॅकलची. शॅकल दोन इंचांनी लांब केला की गाडी दोन इंच उठेल असे गिऱ्हाइकाला वाटते; हाउसिंग पाट्याच्या मधोमध असल्याने उठते साधारण एकच इंच. शिवाय शॅकल मागच्या टोकाला असेल तर पाटा तिरपा होतो, त्याच्याबरोबर हाउसिंगही तिरपे होते आणि डिफरन्शियलचे नाक वर उठते. लांब शॅकल आडवा डुलतो, त्यामुळे बुश लवकर जातात आणि गाडी वळणावर अंग टाकते.

दुसरी युक्ती पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये ठोकळा घालण्याची. पाट्याचा कडकपणा यात बदलत नाही, हा तिचा गुण. पण ब्रेकच्या वेळी हाउसिंगचा जो पीळ पाट्यावर येतो, त्याला ठोकळ्यामुळे लांब तरफ मिळते. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, गाडी सुटताना धडधडते आणि यूजे क्रॉस मोडतात. ठोकळ्यावर ठोकळा चढवणे आणि लाकडी ठोकळा घालणे, हे दोन्ही आम्ही पाहिले आहे. दोन्ही प्रकार कारागिराने साफ नाकारावेत.

तिसरी युक्ती मोठ्या कामाची. जिप्सीचे पाटे मुळात हाउसिंगच्या खालून जातात. ते वर घेतले की गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास उठते. यात हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि डिफरन्शियलच्या नाकाचा कोन नव्याने ठरवावा लागतो. फोर बाय फोर गाडीत इथेच मोठी अडचण आहे. मध्ये ट्रान्सफर केस बसलेली असल्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड असतो. साध्या गाडीच्या लांब शाफ्टला जी उंची सहज पचते ती आखूड शाफ्टला पचत नाही. समजा शाफ्ट ७५ सेंटिमीटरचा आहे. नुसते ७५ मिलिमीटर उचलले तरी शाफ्टचा कोन पावणेसहा अंशांनी वाढतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे राहिले नाहीत तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद-मंद फिरतो. ती थरथर आधी सीटखाली जाणवते, मग ऑइल-सील गळू लागते, मग क्रॉस जातो. शाफ्टचा सरकता जोड किती आत उरला आहे हेही मोजले पाहिजे. तो फार बाहेर आला तर खड्ड्यात शाफ्ट निसटू शकतो.

आणि उलटण्याचा धोका वेगळाच. दोन चाकांमधली रुंदी १३० सेंटिमीटर आणि गाडीचा भारमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर असेल तर रुंदीच्या निम्म्याला उंचीने भागून १ येतो. भारमध्य ७५ सेंटिमीटरवर गेला की हाच आकडा ०.८७ होतो. आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर लवकर उलटते. टपावर गाठोडी बांधणाऱ्याने तर हे गणित दोनदा करावे.

हातोडा, वेल्डिंग आणि जुने बोल्ट

पाटेकाम हे हुन्नराचे काम आहे. बसलेल्या पाट्याला हातोड्याने थंडपणी कमान चढवणारे उस्ताद आजही आहेत आणि त्यांच्या डोळ्याला मापाची गरज पडत नाही. त्यांच्या कसबाबद्दल आम्हाला आदर आहे. पण धातूचा स्वभाव जाणून घ्यावा. पाट्याचे पोलाद, म्हणजे ईएन-४५ किंवा एसयूपी-९ सारख्या जातीचे, तापवून, तेलात बुडवून, पुन्हा ठरावीक उष्णतेवर उतरवून तयार केलेले असते. गॅसच्या ज्योतीने मधल्या जागी लाल करून वाकवले की तेवढ्या जागेचे पाणी उतरते. तो पाटा काही दिवसांत तिथेच बसतो. वेल्डिंगचे नुकसान याच्या उलट असते. वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक व ठिसूळ होते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तडकते. मेन पाट्याला वेल्ड मारून दिलेली गाडी म्हणजे हाउसिंग सुटण्याची वाट पाहणारी गाडी होय.

हातोड्याचे घाव पाट्याच्या आतल्या, म्हणजे वरच्या खोलगट बाजूवर पडतात. माल भरल्यावर ताण येतो तोही त्याच बाजूवर. म्हणून घावाची प्रत्येक खोल खूण ही भेगेची सुरुवात ठरू शकते. कमान चढवायचीच तर गोल तोंडाचा हातोडा, जवळजवळ आणि हलके घाव, आणि काम झाल्यावर खुणा घासून काढणे, एवढे तरी करावे. त्यातही बसलेला पाटा थकलेला असतो. कमान चढवल्याने त्याचे तरुणपण परत येत नाही.

यू-बोल्ट जुनेच परत लावणे ही खर्च वाचवण्याची सवय महागात पडते. एकदा ताणून आवळलेल्या बोल्टचे आटे खेचले गेलेले असतात. यू-बोल्ट सैल पडला की सगळा जोर सेंटर बोल्टवर येतो, तो कातरला जातो आणि हाउसिंग एका बाजूला सरकते; गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. पाटे वाढवल्यावर जाडी वाढते, म्हणून लांब व नवे यू-बोल्टच हवेत. पाट्यांवरच्या क्लिपाही परत बसवाव्यात. चाक खाली लोंबते तेव्हा क्लिप नसेल तर सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो.

शॉकॲबसॉर्बरची लांबी न बदलता गाडी उंच केली तर चाक लोंबताना शॉकच दोरीसारखा ताणला जातो आणि त्याचा डोळा उपटतो. आणि पाटे कडक करून शॉक जुनेच ठेवले तर ते पाट्याची उसळी आवरू शकत नाहीत.

कॉइलच्या गाड्या

कॉइलच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर हल्ली सर्रास विकले जातात. हे स्वस्त, बसवायला पाच मिनिटांचे. कॉइलचे जेवढे वेढे बफरने जाम झाले तेवढे ती आखूड आणि कडक झाली. आठ चालू वेढ्यांपैकी दोन बंद झाले तर कडकपणा एक-तृतीयांशाने वाढतो आणि तेवढ्याच दबण्यात उरलेल्या सहा वेढ्यांवर ताणही तेवढाच वाढतो. एका बाजूचा बफर निसटला तर गाडी दोन्ही बाजूंनी वेगळी वागते. विकणाऱ्या व्यापाऱ्याने निदान जोडीनेच विकावेत आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगावी.

कायदा आणि दुकानाची वही

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली. तुटलेल्या किंवा बसलेल्या पाट्याच्या जागी मूळ मापाचा नवा पाटा घालणे ही मात्र दुरुस्ती आहे, तिला कोणाची हरकत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून पाहतो, आणि जादा पाटा त्याला लगेच दिसतो. मग वाद कोणाच्या दारात येतो ते सांगायला नको.

पाटे वाढवल्याने गाडीची वहनक्षमता वाढत नाही. नोंदणीपुस्तकातील एकूण वजन हे चेसिस, हाउसिंग, बेअरिंग, टायर आणि ब्रेक या सर्वांच्या ताकदीवरून ठरवलेले असते. पाट्याने फक्त गाडी बसलेली दिसेनाशी होते. पूर्वी गाडी बसली की मालकाला कळायचे, आज जास्त भरले. ती खूणही गेली.

म्हणून गिऱ्हाईक आले की आधी सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. कंपनीच्या मापापेक्षा ते कमी असेल, किंवा दोन्ही बाजूंत फरक असेल, तर पाटे थकलेले आहेत. मूळ मापाचा नवा संच दोन्ही बाजूंना घातला की तक्रार बहुधा मिटते. माप बरोबर असेल तर दोष पाट्यांत नाही, भरण्यात आहे. तसे गिऱ्हाइकाला सांगावे. दोन खेपा करणे त्याला एका अपघातापेक्षा स्वस्त पडेल हेही सांगावे. काही गिऱ्हाइके ऐकणार नाहीत आणि शेजारच्या दुकानात जातील. जाऊ द्यावीत.

जे काम केले ते बिलात पाट्यांची संख्या, जाडी आणि नवे यू-बोल्ट यांसह लिहावे, आणि ५०० किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घेण्यासाठी गाडी परत आणण्याची तारीख त्याच बिलावर घालावी. त्या आवळणीचे पैसे घेऊ नयेत.